व्लादो : तो सकाळी स्वतःच्या पायांनी का गेला?

निळी शाई
शनिवार, रात्री ११:५२

काल रात्री एक माहितीपट पाहिला आणि आज दिवसभर तोच डोक्यात घोळतोय. दुपारी दोन पोळ्या करपल्या. तिसरी करपायच्या आत गॅस बंद केला आणि म्हटलं, धागाच काढू.

‘व्लादो, तीस वर्षांनंतर’. ब्राझीलचा, २००५ सालचा. दिग्दर्शक झुआंव बातिस्ता द आंद्राद. विषय आहे पत्रकार व्लादिमीर हर्झोग, ज्याला सगळे व्लादोच म्हणायचे. (माहीत असणाऱ्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल.)

ब्राझीलमध्ये १९६४ ते १९८५ लष्कराची राजवट होती. १९७५ साली व्लादो साओ पावलोच्या टीव्ही कुल्तुरा या सरकारी पैशांवर चालणाऱ्या वाहिनीचा वृत्तविभाग सांभाळत होता. वय ३८, बायको क्लारिस, दोन लहान मुलगे. जन्म युगोस्लावियातल्या ज्यू घरातला. नाझींच्या तावडीतून निसटून आईबाप त्याला आधी इटलीत आणि मग ब्राझीलला घेऊन आले होते. २४ ऑक्टोबरला, शुक्रवारी, लष्कराची माणसं त्याला न्यायला थेट वाहिनीच्या कचेरीत आली. सहकाऱ्यांनी रदबदली केली, आज राहू द्या, उद्या सकाळी तो स्वतः हजर होईल. आणि ती माणसं कबूल झाली! शनिवारी सकाळी तो दॉय-कोदी या लष्करी चौकशी केंद्रात गेला आणि त्याच दिवशी मेला. लष्कराने सांगितलं, कोठडीत गळफास लावून घेतला.

माझं डोकं अडकलंय ते त्या मधल्या रात्रीपाशी. आधीचे कित्येक दिवस त्याच्या ओळखीचे पत्रकार एकेक करून उचलले जात होते. आत काय चालतं हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. हातात अख्खी रात्र होती. तरी सकाळी उठून, कपडे करून गेला. का?

दुसरा प्रश्न माहितीपटाबद्दल. दिग्दर्शक व्लादोचा दोस्त, टीव्ही कुल्तुरातला जुना सहकारी. जवळजवळ सगळा माहितीपट म्हणजे मित्र, सहकारी, बायको बोलताहेत आणि कॅमेरा त्यांच्या तोंडाला भिडलेला. हा माहितीपट म्हणायचा की मित्रांनी मिळून घातलेलं श्राद्ध? (मला आवडला. तरी विचारतेय.)

---

अर्धा कप
रविवार, ००:०९

रुमाल टाकून ठेवतो. सबटायटल्स आहेत का? आमचं पोर्तुगीज पाव आणि पगार इथे संपतं.

आणि ‘दॉय-कोदी’ मी आधी ‘डोई-कोडी’ वाचलं. हसू आलं, मग पुढचं वाचून लाज वाटली.

---

मडगांवकार
रविवार, ००:३१

@अर्धा कप, चावी, साबण आणि बटाटा राहिले. आणि लाज वाटून घेऊ नका, खुद्द ब्राझीलवालेही त्या नावावर कडू विनोद करायचे. ती लष्करी खात्याच्या नावाची आद्याक्षरं आहेत, पण पोर्तुगीजमध्ये ‘दॉय’ म्हणजे ‘दुखतं’.

---

खडूस पेन्शनर
रविवार, सकाळी ६:१५

निळी शाई ताई, तुमचा प्रश्न वाचून वडील आठवले. ते पत्रकार नव्हते, शाळामास्तर होते. साल तेच, १९७५.

आणीबाणी लागून तीन-चार आठवडे झाले असतील. संध्याकाळी ओळखीचा हवालदार दारात आला. त्याचा पोरगा वडिलांच्याच वर्गात होता. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, “गुरुजी, उद्या सकाळच्या एसटीनं तालुक्याला या. आज घरचं जेवून घ्या.” तोसुद्धा एक रात्र देऊन गेला. मामा म्हणाले, रातोरात कोकणात उतरू. वडिलांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आईला वळकटी बांधायला सांगितलं. बरोबर काय घेतलं? दोन धोतरं, ज्ञानेश्वरी, पानाचा डबा आणि पितळी अडकित्ता.

चौकीत अडकित्ता काढून घेतला. कमरेचा करगोटासुद्धा काढायला लावला, फास लावून घ्याल म्हणून. अडकित्त्याची रीतसर पावती दिली. पुढे येरवड्यात पंधरा महिने काढून वडील परत आले. अडकित्ता काही परत आला नाही.

का गेलात, असं मी त्यांना खूप पुढे विचारलं होतं. म्हणाले, “हवालदार शब्द टाकून गेला होता ना. मी नसतो गेलो तर त्याची नोकरी गेली असती.” मला तेव्हा राग आला होता या उत्तराचा. अजूनही थोडा येतो.

---

तिखटजाळ
रविवार, सकाळी ७:४०

पेन्शनर काका, __/\__

---

उजवा काना
रविवार, सकाळी ९:०२

काकांबद्दल पूर्ण आदर आहे. पण दोन गोष्टी.

एक, आणीबाणी आणि ब्राझील यांची सरमिसळ नको. आपल्याकडे निवडणूक झाली आणि सरकार घरी गेलं. तिकडे रणगाडे रस्त्यावर आणून सत्ता घेतली होती आणि ती २१ वर्षं सोडली नाही.

दोन, व्लादो ब्राझीलच्या कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता. बंदी घातलेल्या पक्षाचा. धागाकर्तीने हे सोयीस्करपणे गाळलंय. माहितीपटातही मित्रमंडळी हळवी होऊन बोलत असतील, तर दुसरी बाजू कोण मांडणार?

---

निळी शाई
रविवार, सकाळी ९:४४

गाळलं नाही हो, धागा लांबेल म्हणून राहिलं. होता सभासद. पण तो पक्ष हत्यारबंद लढ्याच्या विरोधात होता. बंदुका घेतलेले गट वेगळे, ते सरकारने तोवर बहुतेक संपवले होते. मग पाळी आली यांची. व्लादोकडे सापडलं काय? काही नाही. त्याच्या हातून एक कबुलीजबाब लिहून घेतला आणि त्याच कागदाचे तुकडे मृतदेहाच्या फोटोत जमिनीवर पडलेले दिसतात.

दुसरी बाजू म्हणाल, तर ती त्या फोटोतच आहे. लष्करानेच काढवून घेतलेला फोटो आहे तो.

---

वकिलीण बाई
रविवार, सकाळी ११:२०

फोटोचा विषय निघालाच आहे तर नीट सांगते. हा खटला मी विद्यार्थ्यांना शिकवते.

फोटोत काय दिसतं? कोठडीच्या खिडकीचा गज. त्याला बांधलेला कापडी पट्टा, तो व्लादोच्या गळ्यात. शेजारी शाळेतल्यासारखी हात टेकायच्या फळीची खुर्ची. आणि पाय दोन्ही जमिनीवर, गुडघे दुमडलेले. म्हणजे उभं राहायचं ठरवलं असतं तर नुसतं उभं राहता आलं असतं. पट्टा कशाचा, तर म्हणे कैद्याच्या कपड्यांचा. आत राहून आलेले सगळे कैदी सांगतात, त्या कपड्यांना पट्टा नसायचाच. पेन्शनर काकांचा करगोटा आठवा. चौकशी केंद्रं कैद्याकडे नाडी ठेवत नाहीत, पट्टा कुठून देतील?

फोटो काढणारा सिल्व्हाल्दो लेउंग व्हिएरा तेव्हा २२ वर्षांचा, पोलीस फोटोग्राफीचं शिक्षण घेणारा पोरगा. शवविच्छेदनाच्या अहवालावर सही करणारा एक डॉक्टर हॅरी शिबाता. त्याने मृतदेह न बघताच सही ठोकली होती आणि ते त्याला पुढे कबूल करावं लागलं.

शेजारच्या खोलीत रोदोल्फो कोंदेर आणि जॉर्ज दुके एस्त्रादा हे दोन पत्रकार होते. त्यांनी व्लादोच्या किंकाळ्या ऐकल्या. त्या दाबायला रेडिओ मोठा केला तोही ऐकला. ही साक्ष नंतर कोर्टात उभी राहिली.

आता माझा आवडता भाग. क्लारिसने १९७६ मध्ये सरकारवर दावा लावला. त्यात पैसे मागितलेच नाहीत! मागणी एवढीच, की माझ्या नवऱ्याची बेकायदा अटक, छळ आणि मृत्यू याला सरकार जबाबदार आहे असं जाहीर करा. निकाल वाचायची वेळ आली तेव्हा सरकारने वरच्या कोर्टातून न्यायाधीशांचं तोंड बंद केलं. ते वयोमानाने निवृत्त होणारच होते, सरकारला वाटलं सुटलो. त्यांच्या जागी मार्सियो जोसे द मोराएस नावाचा तिशीतला न्यायाधीश आला, आणि त्याने २७ ऑक्टोबर १९७८ ला सरकारला दोषी ठरवलं. तेव्हा तिथे १९६८ चा तो कुप्रसिद्ध पाचवा वटहुकूम अजून लागू होता, म्हणजे सरकारच्या मनात आलं तर न्यायाधीशालाही घरी बसवता यायचं.

@उजवा काना, आणीबाणी वेगळी हे मान्य. पण केरळमधला राजन आठवतो का? कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा विद्यार्थी, मार्च १९७६ मध्ये उचलला, कक्कयमच्या पोलीस छावणीत मेला. मृतदेह आजवर मिळाला नाही. बापाने १९७७ मध्ये हायकोर्टात हेबियस कॉर्पस लावला आणि करुणाकरन यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. रणगाडे नसले म्हणून कोठडीची जात बदलत नाही.

---

उजवा काना
रविवार, सकाळी ११:५८

राजनचं विसरलो होतो. ठीक. दावा लावताना पैसे मागितले नाहीत हे माहीत नव्हतं.

---

अर्धा कप
रविवार, दुपारी १२:०३

तारीख-वेळ नोंदवून ठेवा, काना या संस्थळावर पहिल्यांदा ‘ठीक’ म्हणाले.

---

मडगांवकार
रविवार, दुपारी १:३०

बाईंनी फोटोचं वर्णन केलं ते वाचून मी उठून गॅलरीत जाऊन आलो. आम्ही कोंकणीत खिडकीला जनेल म्हणतो आणि खुर्चीला कदेल. दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे, जानेला आणि कादैरा. हा फोटो ज्या भाषेतल्या पेपरात छापून आला, तिच्यात लोकांनी वाचलं असणार तेही जानेला आणि कादैरा. आमच्या घरात हे दोन शब्द दिवसातून पन्नास वेळा येतात. “कदेल ओड”, “जनेल धांप”. आज जेवताना आईने जनेल लावायला सांगितलं आणि घास अडकला.

विषयाला धरून अजून एक. त्या काळात ‘ओ एस्तादो द साओ पावलो’ या वर्तमानपत्रात सेन्सॉर बसायचा. तो जी बातमी काढेल तिच्या जागी हे लोक कामोंइशच्या ‘लुझियाद’ महाकाव्यातली कडवी छापायचे. त्यांचंच भावंड ‘जोर्नाल दा तार्दे’, ते पाककृती छापायचं. पहिल्या पानावर राजकारणाच्या मधोमध केक! वाचक काय ते समजायचे. व्लादोनेही उमेदवारीची वर्षं ‘एस्तादो’तच काढली होती.

गंमत म्हणजे लुझियाद आहे वास्को द गामाच्या भारतवारीवर आणि कामोंइश स्वतः गोव्यात राहून गेलेला. त्याचा पुतळा जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये आहे. आमच्या आजीला पोर्तुगीज शाळेत ती कडवी छडीच्या धाकाने पाठ करावी लागली, आणि तिकडे त्याच ओळी हुकूमशाहीला वाकुल्या दाखवत होत्या. आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, “मेल्यांनो, आधी कळवायचं.”

---

तिखटजाळ
रविवार, दुपारी २:१०

आपल्याकडे इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. पुरणपोळीची कृती टाकायचं कुणाला सुचलं नाही बघा. आणि व्लादो गेल्यानंतर दीड-दोन महिन्यांत कऱ्हाडचं साहित्य संमेलन झालं, दुर्गाबाई अध्यक्ष. त्या तिथे काय बोलल्या आणि पुढे कुठे गेल्या हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा.

---

साओ पाव भाजी
रविवार, संध्याकाळी ६:४५ (इथे सकाळचे सव्वादहा)

हा धागा माझ्या नजरेतून कसा सुटला! सहा वर्षं साओ पावलोत आहे, नोकरीनिमित्त.

दॉय-कोदीची जागा तुतोइया नावाच्या रस्त्यावर आहे. काही वेगळं दिसेल असं वाटून मी एकदा मुद्दाम गेलो. पोलीस ठाणं आहे. आजूबाजूला फ्लॅट, बेकरी, कुत्री फिरवणारी माणसं. मागच्या इमारतींना वारसा वास्तू म्हणून संरक्षण मिळालंय, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला काही कळत नाही. मी बेकरीत कॉफी प्यायलो आणि परत आलो.

सहकारी एक बाई आहेत, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी ३१ ऑक्टोबरची गोष्ट सांगितली. त्या दिवशी इथल्या ‘से’ नावाच्या मोठ्या चर्चमध्ये व्लादोसाठी सर्वधर्मीय प्रार्थना होती. एका वेदीपाशी तीन धर्मगुरू, कार्डिनल पावलो एव्हारिस्तो आर्न्स, रब्बी हेन्री सोबेल आणि प्रेस्बिटेरियन पाद्री जायमे राइट. पोलिसांनी शहरभर नाकाबंदी केली, जेणेकरून लोकांनी पोहोचूच नये. बाई तेव्हा तेरा वर्षांच्या. वडिलांची फुस्का (म्हणजे आपली बीटल गाडी) अडकली ती अडकलीच. वडिलांनी गाडी फुटपाथवर चढवली, कुलूप लावलं, हिचा हात धरला आणि चालायला लागले. कुठे जातोय ते सांगितलं नाही. चर्चच्या पायऱ्यांवर गर्दी, कुणी घोषणा देत नाही, कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. आठ हजारांच्या आसपास लोक जमले होते. बाईंना सगळ्यात लक्षात राहिलं काय? नवे बूट चावत होते आणि रडायची सोय नव्हती, कारण आजूबाजूची मोठी माणसंच रडत होती.

रब्बी सोबेलबद्दल लोक अजून आदराने बोलतात. ज्यू रिवाजात आत्महत्या केलेल्याला दफनभूमीच्या कडेला, भिंतीलगत पुरतात. अंघोळ घालणाऱ्यांना अंगावर छळाच्या खुणा दिसल्या आणि सोबेलने कडेला पुरायला नकार दिला. व्लादोला दफनभूमीच्या मधल्या भागात पुरलं. लष्कराचं निवेदन खोटं आहे हे म्हणायला एक खड्डा कुठे खणायचा एवढंच ठरवावं लागलं.

अजून एक, नोटांची गोष्ट. सिल्दो मेरेलेस नावाच्या चित्रकाराने रबरी शिक्का बनवला, “हर्झोगला कोणी मारलं?” आणि क्रुझेरोच्या नोटांवर उमटवून त्या नोटा बाजारात सोडून दिल्या. पेपर सेन्सॉर करता येतो, पण हातातली नोट फाडून कोण टाकेल? पुढच्या दुकानात खपवायचीच.

---

अर्धा कप
रविवार, संध्याकाळी ७:०२

आणि आपण नोटांवर काय लिहिलं? ‘सोनम गुप्ता बेवफा है’.

---

नव्वदावं मिनिट
रविवार, रात्री ८:३०

फुटबॉलवाल्यांनी इथे यायचं कारण नव्हतं, पण आलो, कारण या गोष्टीत जोसे मारिया मारिन आहे.

व्लादोच्या अटकेआधी दोनेक आठवडे, ९ ऑक्टोबर १९७५ ला, साओ पावलोच्या विधानसभेत टीव्ही कुल्तुरावर भाषणं झाली. वाहिनीत डावे घुसलेत, सरकार काय करतंय, वगैरे. त्यात सूर मिसळणारा एक आमदार होता मारिन. हाच इसम २०१२ मध्ये ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष झाला आणि २०१४ चा विश्वचषक याच्या काळात झाला. व्लादोचा मुलगा इव्हो याने हजारो सह्या गोळा करून महासंघाकडे नेल्या, याला हटवा म्हणून. हटवलं नाही. २०१५ मध्ये झुरिकच्या हॉटेलात फिफाच्या लाचखोरीत स्वित्झर्लंडच्या पोलिसांनी उचलला, अमेरिकेत खटला झाला आणि शिक्षा लागली.

पण मला तो आठवतो वेगळ्याच कारणाने. जानेवारी २०१२, पोरांच्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ. कॅमेरे चालू असताना हा ऐंशीला टेकलेला गृहस्थ एका खेळाडूचं पदक गुपचूप स्वतःच्या खिशात घालतो. व्हिडिओ आहे!

---

अर्धा कप
रविवार, रात्री ८:३६

पावती दिली का?

---

खडूस पेन्शनर
रविवार, रात्री ८:५०

हा हा हा. अर्ध्या कपा, तुला माफ केलं.

---

भिडू_गिरणगाव
रविवार, रात्री ९:४१

सगळं वाचलं. एक विचारू? मनोएल फियेल फिल्योचं नाव इथे कुणी घेतलं का?

कारखान्यातला कामगार. कम्युनिस्ट पक्षाचं पत्रक घेतलं असा आरोप. जानेवारी १९७६, व्लादोनंतर तीन महिने पुरे झाले नव्हते. तेच केंद्र, तीच गोष्ट, फक्त पट्ट्याऐवजी पायमोजे. मोज्यांनी गळफास घेतला म्हणे! मृतदेह घरच्यांना दिला तो गपचूप पुरा या अटीवर. मोठं चर्च नाही, आठ हजार माणसं नाहीत. पत्रकार मेला की पत्रकार लिहितात, माहितीपट निघतात. कामगार मेला तर?

माझे वडील गिरणीत होते, म्हणून हे डोळ्यांत खुपतं.

---

वकिलीण बाई
रविवार, रात्री १०:१५

भिडू, बरोबर बोट ठेवलंत. एवढंच जोडते, की खुर्ची हलली ती फियेल फिल्योच्या मृत्यूनंतर. व्लादोच्या वेळी राष्ट्राध्यक्ष गायझेलने कसंबसं गिळलं. तीन महिन्यांत पुन्हा तेच झाल्यावर त्याने साओ पावलोतल्या ‘दुसरं सैन्य’ या लष्करी विभागाचा प्रमुख जनरल एदनार्दो याला काढून टाकलं. व्लादोवरून बोभाटा झाला नसता तर कामगारासाठी जनरल गेला असता का? आणि कामगार मेला नसता तर जनरल गेलाच असता का? मला दोघं वेगळे काढता येत नाहीत. फियेल फिल्योवरही माहितीपट आहे, २००९ चा. शोधा.

---

उजवा काना
रविवार, रात्री १०:३३

आता यावरून आजच्या काळावर घसरायला किती वेळ लागतो बघूया.

---

भिडू_गिरणगाव
रविवार, रात्री १०:३५

तुम्हीच घसरताय की.

---

संपादक
रविवार, रात्री ११:२०

यानंतरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचा विषय साओ पावलो आहे, दादर नव्हे.

---

कट_टू
सोमवार, सकाळी १०:०५

निळी शाईंच्या दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. संकलन हा माझा पोटापाण्याचा धंदा.

मित्राने काढलेला माहितीपट तटस्थ नसतो, आणि हा तर नाहीच. पण तटस्थ म्हणजे काय दाखवायचं होतं? लष्कराची बाजू तीस वर्षं सरकारी कागदावर होतीच. मृत्यूच्या दाखल्यावरसुद्धा होती. तो दाखला कोर्टाच्या आदेशाने बदलून घरच्यांच्या हातात पडला मार्च २०१३ मध्ये. माहितीपट निघाला तेव्हा, कोर्टाचा निकाल लागूनही, दाखल्यावर व्लादोने आत्महत्याच केलेली होती. अशा वेळी मित्राने कॅमेरा घेऊन मित्रांकडे जाणं याला श्राद्ध म्हणायचं, की पंचनामा?

माझी तक्रार दुसरी आहे. चेहरे फार, आणि व्लादो फार थोडा. व्लादो स्वतः माहितीपट करणारा माणूस होता हो! १९६३ मध्ये त्याने ‘मारिंबास’ नावाचा लघुपट केला होता, कोपाकबानाच्या किनाऱ्यावर मासेमारांच्या आसपास जगणाऱ्या लोकांवर. नाग्रा रेकॉर्डर घेऊन लोकांचे खरे आवाज जागेवर पकडायचे, हे तेव्हा ब्राझीलमध्ये अगदी नवं होतं. लोकांचं बोलणं ऐकायला यंत्र घेऊन गेलेला माणूस, आणि त्याचा स्वतःचा शेवटचा आवाज दाबायला रेडिओ मोठा करावा लागला. मी असतो तर त्या लघुपटाचा आवाज वापरला असता.

आणि मित्रांच्या आठवणीवर किती विसंबायचं याचंही उदाहरण देतो. २००४ मध्ये एका वर्तमानपत्राने कोठडीतल्या एका नग्न माणसाचे फोटो छापले, हा व्लादो म्हणून. घरच्यांनाही आधी तसंच वाटलं. गदारोळ झाला, लष्कराने जुन्या थाटात निवेदन काढलं, त्यावरून संरक्षणमंत्री गेले. नंतर कळलं, तो व्लादो नाहीच, दुसराच कुणी. प्रेमाची माणसंही चुकतात. एकच चेहरा तीस वर्षं शोधत राहिलं की तो कुठेही दिसायला लागतो.

---

निळी शाई
सोमवार, दुपारी १२:२५

कट_टू, ‘पंचनामा’ हा शब्द घेतला. श्राद्ध मागे घेते. मारिंबासबद्दल सहमत, मलाही तो हवा होता.

पण माझा पहिला प्रश्न तसाच राहिला.

---

साओ पाव भाजी
सोमवार, संध्याकाळी ५:५०

इथल्या लोकांना विचारलं तर दोन-तीन उत्तरं मिळतात. एक, तो सरकारी वाहिनीत नेमलेला माणूस, पळाला असता तर आमदार म्हणत होते तेच खरं ठरलं असतं. दोन, कचेरीतल्या ज्यांनी रदबदली केली त्यांच्यावर शेकलं असतं. तीन, त्याला खरंच वाटत होतं की जबाब देऊन परत येऊ. लंडनला बीबीसीत चांगली नोकरी होती. ती सोडून १९६८ च्या शेवटी हा इथे परतला, नेमका पाचवा वटहुकूम निघाला त्या सुमाराला. तेव्हाही वळून परत गेला नाही.

---

वकिलीण बाई
सोमवार, संध्याकाळी ६:३०

कारण काहीही असो, त्याच्या जाण्याचं एक मोल नंतर कळलं. जो माणूस सकाळी आपण होऊन दारात जातो, तो संध्याकाळच्या आत जीव देईल हे कुणाला पटणार? रात्री ओढून नेला असता तर लष्कराला गोष्ट रचायला सोपं गेलं असतं. हे त्याने योजलं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. त्याला जगायचं होतं. इतकंच म्हणते की मरणाबद्दलचं खोटं पहिल्या दिवसापासून उभं राहीना, त्यात ते चालत जाणंही आहे.

अमेरिका खंडांच्या मानवाधिकार न्यायालयाने २०१८ मध्ये हा मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवला, राजवटीतल्या गुन्ह्यांना माफी देणारा कायदा इथे चालणार नाही म्हणून सांगितलं. तरी आजवर एकाही माणसाला या खुनासाठी शिक्षा झालेली नाही. १९७९ चा माफी कायदा आडवा येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये, पन्नास वर्षांनी, सेच्या त्याच चर्चमध्ये पुन्हा प्रार्थना झाली, तेव्हा देशाच्या सर्वोच्च लष्करी न्यायालयाच्या अध्यक्ष मारिया एलिझाबेथ रोशा यांनी उभं राहून माफी मागितली.

---

उजवा काना
सोमवार, रात्री ८:१२

लष्करी न्यायालयाच्या अध्यक्ष बाई आहेत?

---

तिखटजाळ
सोमवार, रात्री ८:१४

एवढ्या सगळ्यात तुम्हाला दिसलं काय, तर ते! :-D

---

खडूस पेन्शनर
सोमवार, रात्री ९:००

निळी शाई ताई, वडिलांच्या त्या उत्तराचा मला राग येतो असं लिहिलं होतं. काल रात्री झोप लागेना म्हणून परत विचार केला. हवालदाराची नोकरी हे कारण त्यांनी मला सांगितलं, कारण मी मुलगा होतो. आईने विचारलं असतं तर वेगळं सांगितलं असतं. मामाला तिसरंच. व्लादोनेही त्या रात्री क्लारिसला एक सांगितलं असेल, आणि स्वतःला दुसरंच. मुलांना तर नुसतं “झोपा” म्हणाला असेल.

---

अर्धा कप
मंगळवार, ००:४०

रुमाल उचलतो. पाहिला.

सबटायटल्स नव्हती. मडगांवकारांची शिकवणी कामाला आली. बाकी चेहरे कळतात.

---

मडगांवकार
मंगळवार, सकाळी ८:०५

देव बरें करूं.

---

खडूस पेन्शनर
मंगळवार, सकाळी ११:३०

आईच्या ट्रंकेत, ज्ञानेश्वरीच्या पंधराव्या अध्यायात पावती सापडली. शाई पिवळी पडलीय, पण वाचता येते. तारीख, चौकीचा शिक्का, आणि खाली हवालदाराच्या अक्षरात : “अडकित्ता, पितळी, नग १. कैद्यास सुटकेचे वेळी परत.”

स्कॅन करायला नातवाला सांगितलंय. संध्याकाळी इथे टाकतो.